सात नंबरची खुर्ची

बाबा आले की दारात चपला काढत, भिंतीकडच्या स्टुलावर बसत आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवत. जणू ते हात त्यांचे नव्हेतच, कुणाचे तरी सांभाळायला घेतलेले. समोर सतरंजीवर त्यांची दहा महिन्यांची नात पालथी पडून चमच्याने फरशी ठोकत असे. पोरीचं कागदावरचं नाव वेगळं होतं. पण जमिनीवर पडलेली कुठलीही बारीकशी वस्तू हिला सगळ्यांच्या आधी दिसे आणि दिसली की थेट तोंडात जाई, म्हणून घरात तिची मुंगी झाली होती. मुंगी आजोबांकडे बघून हसे, हात वर करी. आजोबा भुवया उडवून, जिभेने टकटक आवाज काढून तिला खेळवत. उचलत मात्र नसत.

तसं भांडून काही ठरलं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. मुंगी तेव्हा चार महिन्यांची. तिची आई कोपऱ्यावर दूध आणायला गेली, वीस मिनिटं, फार तर पंचवीस. परत आली तर पोरगी सतरंजीवर रडून रडून लालबुंद, आणि तिच्या शेजारी बाबा एक हात उशाला घेऊन गाढ झोपलेले. हत्यारांची पिशवी उघडी, तिच्यात रंध्याला टेकून बाटली. झालं काहीच नव्हतं. पण ‘काही झालं नाही’ या तीन शब्दांनी त्या आईची झोप उडाली ती उडालीच. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, “बाबा, यापुढे हिला उचलायचं नाही.”

बाबांनी वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा वाटलं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे आले आणि स्टुलावर बसले. हात मांड्यांखाली. ते स्टूल त्यांनीच केलेलं, मुंगीचा पाळणाही त्यांनीच केलेला. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. हात रिकामे ठेवणं त्याला उपाशी राहण्याइतकं जड जातं, हे त्याच्या लेकीइतकं कुणाला माहीत असणार?

लेक रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काचपट्टीवरच्या एका थेंबात जे इतरांच्या नजरेतून निसटतं ते हुडकून काढायचं, हा तिचा पेशा. ती नजर काही संध्याकाळी कपाटात ठेवून घरी येता येत नाही. मुंगी झोपली की ती तिचे श्वास मोजायची. दूध आधी मनगटावर, मग गालावर, मग खात्रीसाठी पुन्हा मनगटावर. आणि बाबांना दार उघडताना तिच्या नकळत तिचं नाक एक श्वास जास्तीचा ओढायचं. बाबांना ते कळायचं. ते उंबऱ्याशी क्षणभर थांबायचे, तपासणी होऊ द्यायचे, मग आत यायचे.

तिची रजा संपायला नऊ आठवडे उरले होते. नवरा छापखान्यात, पाळी दर आठवड्याला बदलती. त्याने एक पाळणाघर बघून ठेवलं होतं.

“चांगलं आहे,” ती म्हणाली.

“चांगलं आहे, पण तुझ्या मनात नाही.”

“मी कुठे काय म्हटलं?”

“म्हटलं नाहीस. काल तिथल्या खिडकीच्या गजांमधलं अंतर बोटांनी मोजत होतीस.”

तिच्या मनात काय होतं ते तिलाही मोठ्याने बोलवत नव्हतं. मुंगीला बाबांनी सांभाळावं. बाबांच्याही मनात दुसरं काही नव्हतं. पण आई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षांपासून, त्यांचं संध्याकाळचं पिणं दुपारी सरकलं होतं, आणि अशा माणसाने मागायचं तरी कोणत्या तोंडाने? मागितलं नाही. त्याऐवजी एक दिवस ते स्वतःहून दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि लेकीला आत बोलावून म्हणाल्या, “अंग थरथरतं त्याला गोळी आहे. झोप येत नाही त्यालाही आहे. संध्याकाळी सहाला काय करायचं, याला गोळी नाही. त्याला माणसं लागतात. दारू सोडलेल्यांचे गट असतात, आपल्या भागातही असेल कुठेतरी. शोधा.”

शोधा म्हणणं सोपं. दवाखान्यातल्या फळ्यावर एक पिवळा पडलेला कागद होता, त्यावर चार नंबर. मुंगीला दुपारी निजवून तिने वहीत ते ओळीने लिहून काढले आणि पहिला लावला.

“दारू सोडायची?” पलीकडचा माणूस म्हणाला. “ताई, इथे पंक्चर काढतात.”

दुसरा नंबर बरोबर होता, गट नव्हता. “आम्ही तिघंच होतो,” तो म्हातारा आवाज सांगू लागला. “एक लेकाकडे राहायला गेला, एक वर गेला. आता मी एकटा कुणासमोर बसून बोलू?” मग तो तिच्याशीच वीस मिनिटं बोलला, आणि शेवटी म्हणाला, “बरं वाटलं हो. पुन्हा कधीतरी करा फोन.” तिने वहीत त्याच्या नावापुढे ‘गट बंद’ लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात ‘महिन्यातून एकदा फोन करणे’. तिसरा नंबर वाजत राहिला.

चौथ्याला एका बाईंनी उचललं.

“कोणासाठी? तुमच्यासाठी?”

“नाही, वडिलांसाठी.”

“मग वडील का नाही करत फोन?”

“ते फारसं बोलत नाहीत.”

“उत्तम. बोलणारे आमच्याकडे रगड आहेत. गुरुवारी संध्याकाळी सहा. वाचनालयाच्या मागची खोली. पावणेसहाला आलात तर चहा गरम मिळेल.”

“नाव नोंदवायचं असतं का? काही फॉर्म?”

“नाव सांगावंसं वाटलं तर सांगा, आडनाव कुणी विचारत नाही. मला सगळे गणिताच्या बाई म्हणतात. तीस वर्षं शिकवलं. त्यातली अकरा पिऊन.” आणि जरा थांबून, “ती अकरा वर्षं पोरांना शंभरपैकी किती मिळाले ते देवाला ठाऊक. आता एकोणीस झाली सोडून.”

गुरुवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली, मग परत कानामागे लावली. मुंगी बाबागाडीत. आपण पुस्तक बदलायला चाललोय, असं लेकीने स्वतःला सांगितलं होतं. खरं तर बाबा आत जातात की कोपऱ्यावरून वळून पसार होतात, ते तिला बघायचं होतं. बाबागाडीचं पुढचं डावं चाक डुगडुगत होतं. बाबांची नजर वाटेत दहादा तिकडे गेली. पण चाक नीट करायचं तर पोरीला बाहेर काढून कुणीतरी धरायला हवं, आणि तो विषय नको, म्हणून दोघांनीही चाक दिसलंच नाही असं केलं.

वाचनालयाच्या मागची खोली आणि वाचायची खोली यांच्यामध्ये एक काचेचं दार होतं. त्याच्याजवळच्या बाकावर ती बसली, बागकामाचं मासिक उघडून. घरात एक कुंडी नव्हती. काचेतून तिला गोलात मांडलेल्या लाकडी खुर्च्या दिसत होत्या, वाचनालयाने टाकून दिलेल्या, एकूण चौदा. आखूड केसांच्या, ठेंगण्या, ताठ बसलेल्या त्या गणिताच्या बाई असणार. शेजारी एक आडदांड गृहस्थ, उजवा पाय लाकडासारखा सरळ पुढे ठेवलेला. ते बसचे निवृत्त कंडक्टर, आणि त्यांना हाकही ‘कंडक्टर’ अशीच मारत, हे पुढे कळलं.

बाबा बसले. खुर्ची डुगडुगली. ते जरा डावीकडे सरकले. ती उजवीकडे डुगडुगली. एक बाई बोलत होती, सगळे ऐकत होते. बाबा दोन मिनिटं कसेबसे थांबले. मग उठले, खुर्ची उलटी करून गुडघ्यावर घेतली, एकेक पाय हलवून बघितला आणि ती उचलून कोपऱ्यात घेऊन गेले. पुढचा सगळा वेळ ते तिथेच.

सात वाजता बाहेर आले.

“कसं होतं?”

“चांगली माणसं आहेत.”

“बोललात?”

“बोललो की.”

“काय बोललात?”

“म्हटलं, या खुर्च्यांना बऱ्याच वर्षांत कुणी हात लावलेला दिसत नाही.”

पुढच्या गुरुवारी ते हत्यारांची पिशवी घेऊन आले. तीच पिशवी. लेकीच्या चेहऱ्यावर काही उमटलं असावं, कारण तिने तोंड उघडायच्या आत बाबा पायरीवर बसले आणि एकेक वस्तू बाहेर काढून मांडू लागले. रंधा. पटाशी. हातोडी. दोन पेचकस. गोंदाची डबी. सुतळीचा गुंडा. मग पिशवी उलटी करून झटकली. थोडा भुसा पडला.

“झालं?” ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. तिला लाज वाटली, आणि बघितलं ते बरंही वाटलं.

त्या दिवशी बाबा गोलात बसलेच नाहीत. कोपऱ्यात जमिनीवर फतकल मारून, सगळ्यांकडे अर्धी पाठ करून खुर्चीचा सांधा खरवडत राहिले. चहाच्या वेळी लेकीने बाईंना गाठलं.

“बाई, मी त्यांना खुर्च्या दुरुस्त करायला नाही आणलं.”

“ठाऊक आहे.”

“ते तर कुणाकडे बघतही नाहीत.”

“अगं, तीस वर्षं वर्गात घालवली मी. जे कार्टं वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढत बसतं ना, त्यालाच नेमका धडा सांगता येतो. हातांना काम मिळालं की कान मोकळे होतात. असू दे.”

“आणि खुर्च्याही सुधारतायत,” कंडक्टर बिस्किट बुडवत म्हणाले. “मागच्या महिन्यात मी उभा राहून सांगितलं, मी सगळं सोडलंय. आणि बसलो, तर पाठ निखळून मागे. म्हणजे खुर्चीने मला सोडलं. मिस्त्री आले ते देवासारखे आले.”

बाबा तिथे असे मिस्त्री झाले. दर गुरुवारी दोन खुर्च्या, कधी तीन. दुरुस्त झालेल्या प्रत्येक खुर्चीच्या बुडाला ते पेन्सिलीने नंबर आणि तारीख घालत. ही त्यांची जुनी सवय, घरातल्या पाळण्याखालीही तारीख होती.

मग चौथ्या गुरुवारच्या आदल्या दिवशी सकाळी ते दारात आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. लेकीच्या कडेवर मुंगी होती.

“काल घेतली,” बाबा म्हणाले. “आज आत येत नाही.”

मुंगीने आजोबांकडे झेप घेतली, तिने तिला घट्ट धरलं. मनात आलं, संपलं. उद्या हे काही जात नाहीत, आणि माझ्याच्याने पुन्हा फोन करत बसणं होणार नाही.

“उद्या गुरुवार आहे,” ती म्हणाली.

“हो ना. पाच नंबरला गोंद लावून सुतळीने आवळून ठेवलीय. ती सोडायला दुसऱ्या कुणाला जमायची नाही, ओढाताण केली तर लाकूड चिरेल. जाऊन यायला हवं.”

आणि गेले. स्वतःसाठी गेले नसते. पाच नंबरसाठी गेले. बाईंनी त्यांना दारात एकच शब्द विचारला, “आज?”

“आज नाही.”

“पुरे.”

लेकीला त्या दिवशी जितकं हायसं वाटलं तितकीच नवी धास्ती बसली. चहाची कपबशी धरून ती बाईंच्या कानाशी लागली. “बाई, खुर्च्या चौदाच आहेत. आठ झाल्या. आणखी दोन-तीन आठवड्यांत संपतील. मग ते कशासाठी येतील?”

बाईंनी चष्मा वर सरकवला. “हा हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता. आणि म्हणे मी गणिताची.”

त्यानंतरच्या गुरुवारी लेकीने काचेतून पाहिलं, तर कोपऱ्यात बाबांसाठी चार खुर्च्या ठेवलेल्या. त्यातली एक मागच्या आठवड्यात धडधाकट होती, कारण तिच्यावर कंडक्टर बसले होते, आणि कंडक्टरांना झेलणारी खुर्ची धडधाकटच म्हणायची. तिच्या नजरेने ते टिपलं. सहाव्या गुरुवारी मात्र ती मुद्दाम लवकर आली. बाबा कामावरून परस्पर येणार होते. काचेच्या दारातून तिने पाहिलं ते असं: कंडक्टर आपला ताठ पाय आडवा पसरून, दुसरा गुडघा जमिनीला टेकून, एका खुर्चीखाली वाकले होते आणि एका नाण्याने स्क्रू पिळत होते. बाई खिडकीशी पहारा देत होत्या.

ती आत गेली तसं कंडक्टरांनी नाणं मुठीत लपवलं.

“हे काय चाललंय?”

“हळू बोल,” बाई म्हणाल्या. “तूच म्हणालीस ना, चौदाच आहेत.”

“म्हणून तुम्ही मोडताय?”

“मोडत नाही, सैल करतोय. फरक आहे.”

ती मटकन बसली, आणि खुर्ची डुगडुगली तशी पटकन उठली. “बाई, तुम्हाला बाबा माहीत नाहीत. एका गिऱ्हाईकाने त्यांनी केलेला खण दुसऱ्याकडून रंधून घेतला होता. बाबा त्या गल्लीतून परत कधी गेले नाहीत. पंधरा वर्षं झाली, अजून वळसा घालून जातात. त्यांना हे कळलं, आपली कीव करून लोक खेळ करतायत असं वाटलं, तर या दारात पाऊल टाकायचे नाहीत. थांबवा हे.”

“थांबवते,” बाई म्हणाल्या. “पुढच्या गुरुवारी त्यांच्या हातात काय देऊ ते सांग.”

बाहेर फाटक वाजलं. “आले वाटतं,” कंडक्टर गुडघ्यावरूनच म्हणाले, “आणि मला उठता येत नाहीये.” दोघींनी त्यांना काखेत धरून उभं केलं. त्यांना खुर्चीवर बसवता बसवता ती कुजबुजली, “निदान खाली नंबर आहे का ते बघत जा. नंबर असलेल्या खुर्चीला हात लावू नका, ती त्यांनी केलेली असते.” आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कटात सामील झालो.

“काळजी नको, ताई,” कंडक्टर धापा टाकत म्हणाले. “जन्मभर नंबर बघूनच गाडी ओळखली.”

सातव्या गुरुवारी बाईंनी दोन खुर्च्या घरून आणल्या आणि वाचनालयाच्या माळ्यावर सापडल्या असं सांगितलं. बाबांनी एक उलटी केली, फळीला नाक लावलं.

“माळ्यावर बसून लसूण कोण सोलतं?”

“वाचक काय काय करतात, मिस्त्री,” बाई डोळ्याची पापणी न लववता म्हणाल्या.

बाबा मान खाली घालून कामाला लागले. त्या दिवशी एक तरुण रडत काहीतरी सांगत होता, तेव्हा बाबांचा पटाशीचा हात बराच वेळ थांबलेला तिने काचेतून पाहिला.

आठव्या गुरुवारी घोटाळा झाला. रजेचे तीन-चारच दिवस उरलेले. मुंगीला नेमकं निघायच्या वेळी भूक लागली, म्हणून लेकीला पोचायला उशीर झाला. बाईंना सर्दी, त्या आल्याच नव्हत्या. कंडक्टर एकटे, आणि चष्मा घरी विसरलेले. ती बाकावर बसते न बसते तोच आत बाबांनी कोपऱ्यातली खुर्ची उलटी केली, आणि तशीच धरून राहिले.

काचेला तिने जवळजवळ नाक लावलं. खुर्चीच्या बुडावर पेन्सिलीचा सात तिला इथूनही दिसत होता. महिन्यापूर्वीची तारीख, बाबांच्या अक्षरात. कंडक्टरांनाही आता कळलं होतं. ते छताच्या पंख्याकडे असे बघत होते जणू त्यावर काही लिहिलंय. बाबांनी अंगठ्याने स्क्रू फिरवला. तो आपोआप फिरला. ते कंडक्टरांकडे बघत होते की त्यांच्या पायाकडे, ते तिला पाठीमागून कळेना.

आता पिशवी भरतील, तिला वाटलं. आता बाहेर येतील, माझ्याकडे न बघता पुढे निघतील, आणि यापुढे वाचनालयालाही वळसा.

बाबांनी पिशवीतून पेचकस काढला. चारही स्क्रू शांतपणे घट्ट केले. खुर्ची सरळ केली, एका हाताने दाबून बघितली. मग ती उचलली आणि पिशवीच्या दिशेने नाही, गोलाच्या दिशेने गेले. दोन खुर्च्यांच्या मधे जागा केली. बसले. खुर्ची हलली नाही.

काचेतून आवाज येत नव्हता. तिला फक्त हात दिसले. आधी ते मांड्यांखाली गेले. थोड्या वेळाने एक बाहेर आला, मग दुसरा. मग दोन्ही हात हवेत काहीतरी दाखवू लागले: एवढीशी लांबी, जमिनीपासून एवढी उंची, कडेने घेतलेला गोल. पाळणा, की सतरंजीवरचं लेकरू, ते तिला नीट कळलं नाही. तिने घड्याळ बघितलं नाही. सगळं मोजायची सवय असलेल्या तिला हे जड होतं, पण नाही बघितलं.

बाहेर आले तेव्हा उजेड होता. बाबागाडी घेऊन दोघं वाचनालयाच्या फाटकातून निघाले. चाक डुगडुगतच होतं.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?” शेवटी तिनेच विचारलं.

“तुलाही माहीत होतं तर.”

“मी आधी विचारलं.”

“पाचव्या गुरुवारपासून.” बाबा पुढे बघतच बोलत होते. “झिजून सैल झालेल्या स्क्रूभोवती भुसा पडतो. हे स्क्रू स्वच्छ निघत होते, आणि खाचेत नाण्याची चकाकी. पेचकस कसा लागतो आणि नाणं कसं लागतं, एवढं कळतं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? त्या कंडक्टरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्याला खाली बसता येत नाही, बसला तर उठता येत नाही. तरी दर गुरुवारी बसायचा.” ते थोडं चालले. “एखाद्याने एवढं करायचं आणि आपण म्हणायचं, काय रे, चोर सापडला? शोभतं का ते?”

“आणि आज?”

“आज एकच खुर्ची दुसऱ्यांदा आली. म्हटलं, यांच्याकडच्या खुर्च्या संपल्या. आता आपणच बसायला हवं.”

तिला हसू आलं, आणि हसता हसता नाक ओढावं लागलं. नेमकं तेव्हाच चाक फरशीच्या फटीत अडकलं आणि बाबागाडी तिरकी थांबली. मुंगी आतून रागावली. बाबा लगेच उकिडवे बसले, पिशवीत हात घातला.

“हिला उचल. दोन मिनिटांचं काम.”

तिने मुंगीला बाहेर काढलं. बाबा पेचकस घेऊन खाली बसले होते, मान वाकवून, कानामागे पेन्सिल. त्यांच्या अंगाला गोंदाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास येत होता. बस, एवढाच.

“पेचकस इकडे द्या,” ती म्हणाली.

“अगं, तुला जमायचं नाही.”

“द्या तर. तुम्ही हिला धरा.”

बाबा उठले. दोन्ही हात पँटला पुसले. एकदा पुसून झाल्यावर परत पुसले. मग त्यांनी मुंगीला घेतलं, एक हात बुडाखाली, एक पाठीला, जसं चौदांपैकी एकाही खुर्चीला धरलं नव्हतं तसं. मुंगीने क्षणाचाही विलंब न लावता पेन्सिलीला हात घातला.

ती चाकाशी बसली. स्क्रू शोधला, पेचकस लावला.

“सोमवारी मी कामावर जातेय,” ती चाकाला म्हणाली. “तुमचा जावई तो आठवडाभर रात्रपाळीला आहे, दिवसा घरीच असेल, पण झोपलेला. तुम्ही साडेआठला या.”

बाबांनी मुंगीला दुसऱ्या हातावर घेतलं.

“स्टूल तिथेच आहे ना?”

“स्टुलावर बसून पोर सांभाळता येत नाही.”

“बरं.”

रस्त्याने माणसं जात होती, त्यांना वळसा घालून. तिने सावकाश एक फेरा दिला, मग आणखी एक.

“उलटीकडे फिरवतेयस,” बाबा म्हणाले. “सैल होईल तो.”

“होऊ दे.”

“वेळ लागेल मग.”

“लागू दे की.” तिने वर बघितलं नाही. थोड्या वेळाने राहवलं नाही म्हणून म्हणाली, “पेन्सिल तोंडात घालेल हं ती.”

“नाही घातली. कधीच काढून खिशात ठेवलीय.”